दोन मिलिमीटर

तळहातावर मावतं ते, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
एका बाजूला लोखंड,
दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच उरलेलं नाही.
तेवढं खिशात घालून पहिल्या बसनं निघालो,
मांजरीहून चिकोडी, चिकोडीहून बेळगाव.

नाव आमची वर्षभर शाळेच्या कट्ट्याला टेकून असते.
पोरं तिच्यात बसून डबे खातात,
एकदा एक कोंबडी अंड्यांवर बसली होती.
पण कृष्णा वर आली की नावेला नेणारा गाडा
उतारावर थांबला पाहिजे.
गेल्या खेपेला थांबला नाही.
गाडा, नाव, ट्रॅक्टर
आणि ट्रॅक्टरवरचा सिद्राम अंबी
सगळे एकदमच पोहायला गेले.
सिद्राम अजून हसत सांगतो.
त्याची बायको हसत नाही.

पंचायतीनं अकराशे मंजूर केले. चाकं दोन, पॅड चार.

फोर्ट रोडला काचेच्या दुकानातला पोरगा
पडद्यावर बघून म्हणाला,
"कंपनीचा माल. बाहेरून मागवायचा. पाच हजार दोनशे, टॅक्स वेगळा."
मग माझ्या चपलांकडं बघून,
"लोकल बघूलायसा काय?"

खडे बाजारात इल्ल री.
कपिलेश्वरच्या पुलाखाली नाही.
गांधीनगरात एकानं रिक्षाचा दाखवला, एकानं टेम्पोचा,
तिसऱ्यानं माझा हातात घेऊन वास घेतला,
"पाण्यातला हाय ह्यो,"
आणि दुसऱ्याचं आजारी पोर परत द्यावं
तसा जपून परत दिला.

"बोट? बेळगावात?"
प्रत्येक काउंटरवर हे दोन भाषांत झालं.
समुद्र घाटाखाली राहिला की ओ, म्हणायचे.
मी म्हणायचो, आमचा समुद्र घरी येतो,
वर्षाकाठी दहा-बारा दिवस, न सांगता.

दुपार उलटल्यावर उद्यमबागच्या मागं,
जिथं फाउंड्रीची काळी वाळू टाकून रस्ता केलाय,
तिथल्या पत्र्याच्या शेडात दस्तगीर किल्लेदार.
त्यानं काहीच विचारलं नाही.
बिस्किटाचा डबा उपडा केला,
मेलेल्या मारुती व्हॅनचे पॅड
एकेक करून माझ्या पॅडला पाठ लावून पाहिले,
उंची मोजताना आया लावतात तसे.
एक बसला. जवळजवळ.
कान दोन मिलिमीटर जास्त.

"दोन मिलिमीटरपायी सोडतात व्हय?" म्हणाला.

नकाशावरची रेघही एवढीच जाड असते.
तिच्यापायी माझ्या चुलत्यानं
हिंडलग्याच्या जेलात बारा दिवस काढले.
आल्यावर एवढंच बोलला, आमटी बरी होती.
हे मी दस्तगीरला सांगितलं नाही.
ग्राइंडर सुरू झाला होता,
ठिणग्या त्याच्या दाढीपर्यंत येऊन विझत होत्या,
तो मधेच थांबून नखानं कड चाचपायचा,
परत थोडं, परत थोडं.

"मोटारीला मी हे दिलं नसतं.
तुमच्या गाड्याला चालेल. हळू न्या."

चारांचे सहाशे. घासल्याचा चहा.
पंचायतीला बिल लागतं म्हटल्यावर
कॅलेंडरचं पान फाडून त्यानं वर कन्नडात लिहिलं,
खाली मराठीत, कुणी अडवायला नको.
ब्रेक पॅड. ब्रेक पॅड.
अक्षरं वेगळी दिसत होती.
मोठ्यानं वाचलं तर तेच.

रविवारी घाटावर गाडा उतरवला.
नदी पार खाली गेलेली, गाळाला भेगा.
सिद्रामनं दांडा ओढला,
चाकं एकदा कुरकुरली आणि पाण्याच्या कडेला
बैल उभा राहावा तशी उभी राहिली.
नाव तेवढी पुढं सरकली, नाक बुडवून तरंगली.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्याची बायको पदर खोचून वर उभी होती.
"परत एकदा," म्हणाली.

आम्ही नाव ओढून वर आणली,
परत उतरवली.
"परत."

चौथ्यांदा ती काही न बोलता घरी गेली.
उरलेले पाचशे मी पंचायतीत नेले, तर क्लार्क म्हणतो,
पैसे परत घ्यायचा फॉर्मच नाही.